ओला किती जड

माझ्या थोरल्याला टॉवेल टिकत नाही. वर्षात तीन वेळा दुकानात येऊन माझ्यासमोर आपटला, वर म्हणतो, "आई, तुझा माल भिकार." बघावं तर अख्खा टॉवेल नवाकोरा आणि एकाच टोकाला दशा सुटलेल्या. मी गिरणीवाल्याला फोन करून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्यानं बिचाऱ्यानं गुपचूप बदलून दिले. चाळीस वर्षं टॉवेल विकतेय, सही करण्यापुरतीच शाळा झाली, पण कापडातलं मला कुणी शिकवायचं नाही, असा माझा तोरा.

परवा दुपारी त्याची बायको, माझी सून, आली. दोघं नवराबायको पाठीवर पिशव्या लादून आठ दिवस डोंगर चढायला निघालेली. हौस त्याची, बांधाबांध हिची. तो समोरच्या दुकानात बूट बघत होता.

"आई, हलका दाखवा. पटकन वाळणारा."

मी तीन काढले. जाड सुती, तो घरी नेतो तसला. एक पातळ सुती. आणि ते नवीन गुळगुळीत कापड निघालंय, घडी केली की मुठीत मावतं, ते.

"हाच ने," मी म्हटलं. "अंग पुसताना पाल फिरल्यासारखं वाटतं, पण तासाभरात खडखडीत."

ती हसली नाही. "ओला झाल्यावर किती जड होतो?"

गिऱ्हाईक रंग जाईल का विचारतं, आटेल का विचारतं. ओल्याचं वजन मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, बघूच. मागच्या नळाखाली तिन्ही भिजवले. आधी जाड घेतला, चांगला पीळ दिला आणि उरलंसुरलं पाणी उडावं म्हणून एक झटका मारला. टोक फाटकन वाजलं.

सून बादलीच्या आड खाली बसली होती. डोकं गुडघ्यांत, वर दोन्ही हात. रोजचं काम करावं तशी बसली होती ती.

मी हातातल्या टॉवेलाचं टोक पाहिलं. तिथली एक दशा सुटली होती.

काही न विचारता मी तिच्या पाठीवरचा कपडा वर केला. कंबरेपासून मानेपर्यंत पट्टे. जुने पिवळे, नवे काळेनिळे. रक्त कुठंच नाही.

"ओल्यानं कातडी फुटत नाही," ती म्हणाली. "पातळ असला तर कमी लागेल. तिथं तंबूत आम्ही दोघंच."

माझ्याच दुकानातून जात होते ते टॉवेल. मीच घडी घालून द्यायची.

तेवढ्यात थोरला आत आला. "झालं का तुमचं? आणि हे काय चिरगूट निवडलंय?" त्यानं ते गुळगुळीत कापड उचलून फेकलं. "जाड घे. मला जाडच लागतो."

"कळलंय मला," मी म्हटलं आणि हातातला ओला टॉवेल मारला.

पहिला कानावर बसला, दुसरा मानेवर. तो मांडणीवर आदळला, चादरींचे गठ्ठे त्याच्या अंगावर आले. तिसरा मारला तेव्हा त्यानं माझं मनगट पकडून पिरगळलं. आत काहीतरी कडकन तुटलेलं मला ऐकू आलं. मग मी दुसऱ्या हातानं कापड मोजायची लोखंडी पट्टी घेतली आणि त्याच्या तोंडावर हाणली. त्यानं हात सोडला तेव्हा थांबले. ओल्या फरशीवर त्याचे दोन दात पडले होते.

"आई, वेड लागलंय का तुला?" तोंड धरून तो म्हणाला. बोटांमधून रक्त गळत होतं.

सून उठली. जमिनीवरचं गुळगुळीत कापड तिनं उचललं, पिळलं, पिशवीत टाकलं आणि माझ्या मागे येऊन उभी राहिली.

मनगट छातीशी धरून मी त्याला म्हटलं, "नीट ऐक. डोंगरावर ती एकटी जाईल. परत आली तर माझ्या खोलीत राहील, नाही आली तर तू शोधायचं नाहीस. माझ्या घराचा आणि दुकानाचा उंबरा तुला आजपासून बंद. आणि गिरणीवाल्याची मी आजच माफी मागणार आहे. त्याच्या मालात खोट नव्हती. भिकार माल मी काढला, तो तू."