एक्क्याण्णव

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. शनिवारी दुपारी एक गृहस्थ दारात उभे राहिले. डोक्यावर लोकरी टोपी, हातात मेथीची जुडी.

"तू निवेदिता ना? मी नीलकंठ सामंत. पलीकडच्या नव्या वसाहतीत मुलाकडे असतो. तुझ्या बाबांची निळी वही न्यायला आलोय."

सांत्वनाचा शब्द नाही, काय झालं होतं याची विचारपूस नाही. सरळ वही.

"बाबांनी तुमचं नाव कधी घेतलं नाही."

"नसेल घेतलं. रोज बागेतल्या बाकावर बसायचो आम्ही. वही मलाच द्यायची म्हणाले होते."

बाबा तर सांगायचे, मी एकटाच फिरून येतो. इथे परदेशात, या टाकानिनीत, कुणी ओळखीचं भेटत नाही म्हणून कुरकुरायचे. मग या माणसाला वहीचा रंगही कसा ठाऊक? ती मीसुद्धा अजून उघडली नव्हती. बाबांच्या हातचं न वाचलेलं तेवढंच उरलं होतं.

बाबांनी पुण्यात तीस वर्षं गणित शिकवलं. एक्क्याण्णव हा त्यांचा लाडका लबाड. दोनाने भाग जात नाही, तिनाने नाही, पाचाने नाही. दिसायला अगदी मूळ संख्या. पण तेरा साती एक्क्याण्णव. एक ते सहाच्या वर्गांची बेरीजही तीच, एक ते तेराची बेरीजही तीच. माझा नवरा पहिल्या भेटीतच त्यात फसला होता. दहा मिनिटं बाबांशेजारी बसलेल्याला हा आकडा ऐकावाच लागे.

"काका, एक सांगा. एक्क्याण्णवबद्दल बाबा काय म्हणायचे?"

मेथीची जुडी या हातातून त्या हातात गेली.

"मूळ संख्या आहे म्हणायचे."

"शक्य नाही. तुम्ही त्यांना ओळखतच नव्हता."

वाटलं, आता भांडतील. त्यांनी टोपी कानांवर ओढली.

"असेल. माझंच चुकलं असेल. वय झालं गं." मेथी दारापुढच्या लाकडी डेकवर ठेवून ते फाटकाबाहेर पडले.

मी कडी लावली आणि खात्री करायला म्हणून वही उघडली.

रोज एक पान. शंभरपर्यंतच्या मूळ संख्या, खाली मोजदाद: पंचवीस. जूनपर्यंत रोज पंचवीस. जुलैत एका पानावर सव्वीस. एकोणनव्वद आणि सत्त्याण्णवच्या मध्ये, बाबांच्या सरळ अक्षरात, एक्क्याण्णव. शेजारी पेन्सिलीने, परक्या हाताने, ७ × १३. त्याखाली बाबांनी लिहिलं होतं, "नीलकंठराव, थट्टा करू नका."

त्यानंतर पेन्सिल कुठेच नव्हती. रोज सव्वीस. ऑक्टोबरात आकडे अर्ध्यावरच थांबलेले.

पायात रबरी चपला अडकवून मी धावले. ते डेअरीच्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानाच्या, कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला उभे होते.

"काका, खरं का नाही बोललात?"

माझ्या हातातली उघडी वही त्यांनी पाहिली.

"उघडलीस होय." ते रस्त्याकडे बघत राहिले. "एका बऱ्या दिवशी म्हणाले होते, माझं डोकं साथ सोडत चाललंय, पोरीला कळू देऊ नका. वही काढून घ्या. मला यायला उशीर झाला."

"मी तुम्हाला खोटं ठरवलं."

"ठरव की. तिथे भांडलो असतो तर सांगावंच लागलं असतं."

गाड्या थांबल्या होत्या. मी त्यांच्याबरोबर रस्ता ओलांडला.

"जुलैपासून सांगा," मी म्हणाले. "सगळं."