दादू मेस्त्रीचं धनुष्य

पूर्णगडच्या शाळेत त्या दुपारी नऊ माणसं जमली होती, आणि त्यांतल्या आठांचं आधीच ठरलं होतं की धनुष्य साडेतीनशे वर्षांचं आहे. नववं माणूस म्हणजे राजश्रीबाई. नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षिका. वर्गात कुणाचं पोट दुखलं तरी आधी जीभ दाखव म्हणणाऱ्या.

धनुष्य टेबलावर लाल कापडावर ठेवलं होतं. भेर्ल्या माडाच्या काळ्याभोर लाकडाचं, मुठीवर दोरा गुंडाळलेलं. बाईंचा धाकटा भाऊ विनीत वडिलांची होड्यांची खोप साफ करत होता, तेव्हा ते सापडलं. बहिणीला न विचारता त्याने ते किल्ला समितीला देऊन टाकलं. विनीतला फोटोत उभं राहायला आवडतं. बदल्यात काय गेलं ते तो मागाहून बघतो.

समितीचा अध्यक्ष शुभंकर पाटी रंगवूनच आला होता. ‘शिवकालीन धनुष्य. कारागीर अज्ञात.’ किल्ल्याच्या वाटेवर त्याच्या चार खोल्या पर्यटकांसाठी आहेत, त्यामुळे शिवकाल त्याला फार सोयीचा.

“खाली तुमचंही नाव घातलंय हो, बाई. भेट म्हणून.”

“माझं कशाला? ज्याने केलं त्याचं घाल.”

“तो बिचारा अज्ञात.”

“अज्ञात कसला? दादू मेस्त्री. माझा बाप. सन सत्याहत्तर.”

दोघे हसले, एक खोकला, बाकीच्यांनी पुण्याहून आलेल्या ऋत्विकसरांकडे पाहिलं. जुन्या शस्त्रांचे जाणकार. वय तिशीचं, दाढी मात्र अनुभवी. त्यांनी लाकूड, रंग, झीज यांवर बरंच सांगितलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मुठीवरच्या दोऱ्याचं एक टोक नखाने उचकटलं. “सर, हा जाळ्याचा नायलॉन. शिवकाळात कुठल्या दुकानात मिळायचा?”

“ती नंतरची दुरुस्ती असू शकते.”

“बरं. बाण घासून खाच पडलीय ती मुठीच्या उजव्या अंगाला. म्हणजे मारणारा डावखुरा. मूठ एवढीशी. अकरा वर्षांच्या पोरीच्या हाताची.”

“डावखुरा मावळा नसेल कशावरून?” शुभंकर म्हणाला.

“हात एवढासा, तर मावळा पाचवीत असणार.”

या खेपेला चौघे हसले. शुभंकरने ते मोजले असावेत, कारण त्याचा चेहरा उतरला.

“आक्का, गप बस गो,” विनीत कुजबुजला. “बाबा होड्या बांधायचा. धनुष्यं कधी केली त्याने?”

“एकच केलं. तू पाळण्यात होतास.”

त्या वर्षी शाळेत बाण मारायला शिकवणारे मास्तर आले तेव्हा मुलींनी कडेला बसून टाळ्या वाजवायच्या असं ठरलं होतं. राजश्रीने घरी येऊन सांगितलं. आठ दिवस होडी तशीच ठेवून दादूने लाकडाच्या दोन तुकड्यांचं हे धनुष्य बांधलं, सांधा होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, मारतात तसा. कुठलाही मोठा सांधा बंद करण्याआधी आत नाव आणि साल घालायची त्याची पद्धत. स्वतःला लिहिता येत नव्हतं, म्हणून पेन्सिल लेकीच्या हातात द्यायचा.

“आत लिहिलंय,” बाई म्हणाल्या. “मीच लिहिलंय.”

ऋत्विकसरांनी मान हलवली. “पेन्सिल क्ष-किरणांत दिसत नाही. सांधा उघडावा लागेल. आणि एकदा उघडला की हे धनुष्य संपलं. पुन्हा कधी ताणता येणार नाही.”

“म्हणजे मिटलं,” शुभंकर खुशीत म्हणाला.

“मिटलं नाही.” बाईंनी पिशवीतून पटाशी आणि हातोडी काढली.

“बाई, हा ठेवा आहे!” शुभंकर ओरडला.

“ठेवलाय कुणी? माझ्या बापाने. आणि दिलाय मला. या विनीतला नव्हे.”

त्यांनी मूठ धरली. हात आता मोठा झाला होता, मुठीत मावेना. सांध्यात भरलेल्या चंद्रुसाच्या राळेने पेन्सिल खाल्ली असली तर धनुष्यही जाईल आणि नावही, हे त्यांना त्या आठांपेक्षा जास्त कळत होतं. अज्ञाताच्या नावाने अखंड लटकण्यापेक्षा मोडलेलं बरं, असं स्वतःशी म्हणून त्यांनी नायलॉन कापला. तांब्याचे तीन खिळे ठोकून बाहेर काढले. पटाशी फटीत लावली.

दोन घाव रिकामे गेले. तिसऱ्याला कडकन आवाज झाला आणि मुठीपाशी लाकूड उभं चिरलं. ऋत्विकसरांनी डोळे मिटले.

आतल्या पिवळट चंद्रुसाखाली गबाळी, बुटकी अक्षरं होती. ‘दादू मेस्त्री पूर्णगड. राजूचं. १९७७.’

विनीत सगळ्यांच्या मागे उभा होता. तो आता पुढे आला आणि वाकून वाचत राहिला. सरांनी वहीतलं अर्धं पान खोडलं. “बाई, फोटो काढू का? हे नव्याने लिहायला हवं.”

“काढा. नाव नीट येऊ दे.”

“आता हे मोडकं बघायला कोण येणार?” शुभंकरचा आवाज रडवेला झाला होता.

“येतील ते येतील. दोन्ही तुकडे मांड, अक्षरं वर. जमत नसेल तर मी घरी नेते.”

“पण पाटी परत रंगवायला लागेल.”

“रंगव की,” म्हणत बाईंनी खुर्ची ओढली. “मी बसल्ये.”