मुठीतला खिळा

"हे घे, मुठीत धर. कोणाले दिसत नाही," असं म्हणत हीरालालनं यादोरावच्या तळहातावर बोटभर खिळा ठेवला.

शंकरपटाचं, बैलजोड्यांच्या शर्यतीचं मैदान माणसांनी भरलं होतं. बैलांना टोचायला आता बंदी होती, तुतारी, म्हणजे टोकाला खिळा लावलेली काठी, पटावर आणूच देत नव्हते. यादोरावचं त्यानं काहीच अडलं नव्हतं. आजूबाजूच्या चार गावांत त्याची ओळखच ती, की हा गडी टोचत नाही. तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांचे बैल हाकले, नांगराला आणि पटालाही. जिभेनं टिचकी वाजवायची, शेपटीच्या बुडाशी हात लावायचा, बास.

"मले नाही लागत हे, भाऊ."

"दोन पट हरलो आपण. लोक हासून राहिले," हीरालाल म्हणाला. "आज हरलो तं जोडी खुमेंद्रले देतो. तो टोचते, पण जिंकते."

खुमेंद्रच्या बैलांच्या मांड्या यादोरावनं पाहिल्या होत्या. आणि जोडीतला डावीकडचा भुऱ्या तर त्याच्याच हातचा. गाय मेली तेव्हा यादोरावनं आणि धुरपतानं, त्याच्या बायकोनं, ते वासरू बाटलीच्या दुधावर जगवलं होतं. मालकी मात्र हीरालालची.

यादोरावनं मूठ मिटली.

अर्ध्या वाटेवर शेजारची जोडी पुढे निघाली. त्यानं टिचकी वाजवली, हात लावला. मग एकदाच, भुऱ्याच्या मांडीत खिळा खुपसला. भुऱ्या उसळला. एवढा तो कधीच धावला नव्हता. जोडी पहिली आली, हीरालालनं गुलाल उधळला, कोणाला काही दिसलं नाही. यादोराव छकड्यावरून उतरून बैलांपुढे गेला, तर भुऱ्यानं मान फिरवली.

जोडी यादोरावच्याच हाती राहिली. जखम आठ दिवसांत भरली. पण तो गोठ्यात शिरला की भुऱ्या दावं ताणून भिंतीला लागायचा. बादली ठेवून तो बाहेर जाईपर्यंत पाण्याला तोंड लावायचा नाही.

"जनावर हाय, विसरते," हीरालाल म्हणाला.

दोन महिने झाले. आता भुऱ्याला भाताचं तणस धुरपताच घालते. परवा तिनं विचारलं, "बाहेर काऊन उभे जी? आत या ना."

"खाऊ दे त्याले," यादोराव म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "मानेखाली खाजव. डाव्या अंगानं. तिथं आवडते त्याले."

धुरपतानं हात घातला. भुऱ्यानं डोळे मिटून मान लांब केली. उन्हात यादोरावची सावली उंबऱ्याच्या आत पडली होती. ती दिसू नये म्हणून तो दोन पावलं बाजूला सरला.