मडीतले मोबाइल

रविवारी सकाळी आठ वाजताच बेंगळूरच्या मल्लेश्वरम भागातल्या एका मंगल कार्यालयाबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत तीनशे माणसं दाटीवाटीनं बसलेली, आणि प्रत्येकानं आपला मोबाइल नारळ धरावा तसा दोन्ही हातांत धरलेला. व्यासपीठावर प्राणदीप स्वामी. अंगावर रेशमी उपरणं, कपाळभर गंध आणि गालाला चिकटलेला बारीकसा माईक.

"भक्तांनो, तुमचा फोन दुपारीच का मरतो?" स्वामींनी विचारलं. "बॅटरी जुनी झाली म्हणून? छे! तो मैला झालाय म्हणून! अरे, कुठे कुठे नेता त्याला? न्हाणीघरात नेता, चपलांपाशी ठेवता, जेवताना उष्टा हात लावता. त्याचा प्राण राहील कसा?"

"खरंय, खरंय," बायका कुजबुजल्या. दोघीतिघींनी तर फोन पदरानं पुसूनही घेतले.

मग मारतहळ्ळीहून आलेला प्रणीत उभा राहिला. हा मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. "स्वामीजी, आधी दोन वाजता माझा फोन डेड व्हायचा. दीक्षेनंतर दोन-दोन दिवस चार्जरला हात नाही! आय मीन, याला काही लॉजिकच नाही!"

लॉजिक नाही म्हटल्याबरोबर टाळ्यांचा कडकडाट झाला.

शेवटच्या रांगेत वसुमतीअक्का हाताची घडी घालून बसल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी मुलींच्या हायस्कुलात विज्ञान शिकवलं होतं, आणि आपण शिकवलेलं लोक इतक्या लवकर विसरतात याचा त्यांना मनस्वी राग येत होता. त्यातून शेजारी खुद्द नवराच टाळ्या वाजवत होता.

"अहो, हळू," त्या म्हणाल्या.

"तुझं आपलं नेहमीचंच," नरसिंहराव म्हणाले. "स्वल्प श्रद्धा ठेवून बघ की!"

दीक्षेची रीत अशी होती. ज्यानं त्यानं आपला फोन कुलूप उघडून द्यायचा, कारण देव आणि भक्त यांच्यात कुलूप कशाला? मग फोनांची परात पडद्याआड जायची. तिथं स्वामींचे शिष्य दयानंद मडीत बसलेले. मडी म्हणजे सोवळं. बेंगळूरच्या जुन्या मराठी घरांत सोवळं कोणी म्हणत नाही, मडीच म्हणतात. मडीतल्या माणसाला शिवायचं नाही, त्याच्या खोलीत डोकवायचं नाही, हे इथल्या पोराला चालायला लागायच्या आधी कळतं. त्यामुळे जी माणसं बाजारात एकेका भेंडीचं टोक मोडून बघतात, त्यांनी स्वतःचा उघडा फोन पडद्याआड दिला आणि आत काय होतं ते एकानंही विचारलं नाही. अर्ध्या तासानं फोन बाहेर यायचा, तो पाठीवर तांबड्या पत्र्याचं यंत्र चिकटवून.

"आता एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, सेटिंग उघडायचं नाही," स्वामींनी बजावलं. "उघडलं की प्राण निसटला! पडदा अंधुक दिसेल. भिऊ नका, फोन अंतर्मुख झालाय. निरोप उशिरा येतील. ती मनःशांती. नकाशा रस्ता दाखवणार नाही. बरंच झालं की, भटकणं थांबलं!"

लोक हसले, हात जोडले आणि दक्षिणा ठेवून घरी गेले. आणि खरोखर, नरसिंहरावांचा फोन दोन दिवस चालला.

आता नरसिंहरावांच्या फोनची गोष्ट इतरांसारखी नव्हती. त्यांना बारा वर्षांचा मधुमेह, इन्सुलिन चालू. दंडावर रुपयाएवढा सेन्सर लावलेला; तो रक्तातली साखर मोजून आकडा फोनला कळवायचा. साखर फार उतरली की फोन कर्कश ओरडायचा. त्या आवाजानं आजवर तीनदा त्यांना वाचवलं होतं.

बुधवारी अकराच्या सुमारास वसुमतीअक्का भाजी घेऊन परतल्या, तर नरसिंहराव खुर्चीत एका अंगाला कलंडलेले. सदरा घामानं भिजलेला, डोळे अर्धवट मिटलेले, तोंडानं काहीतरी असंबद्ध चाललेलं. फोन समोरच्या तिपाईवर गप्प पडला होता. अक्कांच्या हातातली पिशवी गळून पडली. त्यांनी धावत जाऊन साखरेचं पाणी कालवलं आणि नवऱ्याची मान धरून घोट घोट पाजलं. दहा-बारा मिनिटांनी नरसिंहरावांनी डोळे नीट उघडले, फोनकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलले.

"बघितलंस? अजून एक्याऐंशी टक्के चार्ज आहे."

अक्कांना रडू फुटलं. मग त्यांचा असा संताप झाला की बोलायची सोय नाही. त्यांनी फोन उचलला आणि मंडल मोडून सरळ सेटिंग उघडलं.

बॅटरी वाचवायची सोय चालू. लोकेशन बंद. ब्लूटूथ बंद, म्हणजे सेन्सर आणि फोन यांचं बोलणंच बंद. शिवाय सेन्सरच्या ॲपला पडद्यामागे चालायची मनाई. चार्ज टिकणार नाही तर काय होणार? ज्या कामांसाठी फोन घेतला, ती कामंच बंद केलेली होती.

अक्कांनी एकेक करून सगळं पुन्हा चालू केलं. यंत्र मात्र होतं तिथंच ठेवलं. संध्याकाळी सहाला फोन नेहमीसारखा मरायला टेकला.

"आता सांगा, यंत्र तर जागेवर आहे. मग?"

"तू सेटिंग उघडलंस म्हणून प्राण निसटला!" नरसिंहराव म्हणाले. "आणि ती बटणं मीच चुकून दाबली असतील. स्वामी असं करतील? अय्यो, नरक लागेल असं बोलून."

"चार बटणं चुकून? तीही नेमकी तीच?"

"येत्या रविवारी मी परत दीक्षा घेणार आहे," नवऱ्यानं सांगून टाकलं.

अक्का रात्रभर तळमळल्या. दुसऱ्यांदा आपण वेळेवर घरी पोचू, याचा काय भरवसा? याला समजावून भागायचं नाही, दाखवावं लागेल. पण पडदा उघडायचा कसा? बाहेरच्या माणसाला आत जाता येत नाही. आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाहेरच्या माणसाला जाता येत नाही ना? सरी, ठरलं तर!

रविवारी पहाटे त्यांनी डोक्यावरून न्हाऊन घेतलं, आदल्या दिवशी काठीनं वर वाळत घातलेली नऊवारी काठीनंच उतरवली आणि नेसून निघाल्या. नरसिंहराव चार हात अंतर ठेवून मागून चालले. दीक्षेला उपाशी पोटी यायचं असा नियम, म्हणून त्यांनी नाश्ता टाळला होता. इन्सुलिन मात्र टोचून घेतलं होतं, आणि हे बायकोला सांगितलं नव्हतं. वाटेत फूलवाली बाजूला झाली, स्कूटरवाला थांबला, रिक्षावाल्यानंही "होगी, अक्का, जा पुढं" म्हणत वाट दिली. कार्यालयात तर गर्दी आपसूक दुभंगली. मडीतल्या बाईला कोण शिवणार?

स्वामी ऐन रंगात आले होते. "फोन म्हणजे दुसरं हृदय..."

अक्का त्यांच्यासमोरून चालत थेट पडद्याशी गेल्या.

"अक्का, अक्का! आत जायचं नाही!" एक स्वयंसेवक धावला.

"मी मडीत आहे. शिवलास तर मला परत अंघोळ करावी लागेल, आणि पाणी तापवून तू द्यायचंस."

तो जागच्या जागी थिजला. अक्का आत गेल्या. आत मंत्र चालू होता, पण तो एका छोट्या स्पीकरमधून. दयानंद मांडी घालून बसलेले, समोर केळीच्या पानावर चाळीस फोन, आणि त्यांची बोटं अशी सराईत चाललेली की बेळ्ळंदूरच्या कुठल्याही कंपनीनं उभ्या उभ्या नोकरी द्यावी. उजेड खाली, लोकेशन बंद, ब्लूटूथ बंद, बॅटरी सेव्हर चालू, चिकटव यंत्र. पुढचा!

अक्कांनी पडद्याची दोरी धरून खस्सकन ओढली.

सगळं कार्यालय पाहत राहिलं. दयानंदांच्या दोन्ही हातांत एकेक फोन होता, आणि एकाच्या पडद्यावर सेटिंगचं पान उघडं होतं.

"अक्कांनी मडी मोडली!" स्वामी गरजले. "महापाप!"

"मी कुणाला शिवलेले नाही," अक्का म्हणाल्या. "आणि मडीत बसून तुमचे शिष्य काय करतात ते आता सगळ्यांनी बघावं. जे तुम्ही मंडलभर उघडायचं नाही म्हणता, तेच ते इथं चाळीस वेळा उघडतायत. प्रणीत, तू सॉफ्टवेअरवाला ना? उघड तुझं सेटिंग."

प्रणीतनं उघडलं. तो कानापर्यंत लाल झाला. "शिट. बॅटरी सेव्हर," एवढंच पुटपुटला.

"हा दैवी संकेत आहे," स्वामींनी आवाज चढवला. "शिष्याच्या हातून देवच..."

तेवढ्यात कर्कश किंचाळी उठली. नरसिंहरावांचा फोन होता तो.

"बंद करा तो अपवित्र आवाज!" स्वामी ओरडले.

नरसिंहरावांनी फोनच्या पडद्याकडे पाहिलं. साखर अठ्ठावन्न. बुधवारीही हा आकडा असाच उतरत गेला असणार आणि समोरचा फोन गप्प बसला असणार, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी खाली बसून खिशातला गूळ तोंडात टाकला. अक्का मडीबिडी विसरून धावल्या आणि गर्दीतून वाट काढत त्यांनी नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"नाश्ता केला नाहीत ना?"

"नाही," नरसिंहराव अपराधी चेहऱ्यानं म्हणाले. गूळ संपला, घाम ओसरला, तसे ते उभे राहिले. "स्वामी, दीक्षा आहेच म्हणून रात्री मी चार्जर लावला नाही, फोन चौदा टक्क्यांवर आलाय. पण आज फोन वाजला. बुधवारी एक्याऐंशी टक्के होता आणि मी मरत होतो." त्यांनी फोनच्या पाठीवरचं यंत्र नखानं खरवडून काढलं आणि परातीत टाकलं.

त्यानंतर परातीत यंत्रं पडायचा आवाज बराच वेळ येत राहिला. मागच्या दारानं स्वामी कधी गेले, कुणी पाहिलं नाही. दयानंद मात्र तिथंच सापडले, आणि प्रणीतनं त्यांना सगळ्यांच्या फोनचं सेटिंग पूर्ववत करायला बसवलं.

अक्कांनी शाळेतला आवाज काढला. "ऐका. बॅटरी वाचवायची असेल तर पडद्याचा उजेड कमी ठेवा, नको ती ॲप काढून टाका, फोन तापू देऊ नका, जुनी झाली तर बॅटरी बदला. हे सगळं तुमच्याच फोनमध्ये लिहिलेलं आहे, फुकट. पण काय बंद करायचं आणि काय चालू ठेवायचं ते तुम्ही स्वतः, डोळे उघडे ठेवून ठरवा. आपल्या माणसाचा जीव ज्यावर आहे ती वस्तू पडद्याआड देऊ नका. आणि कोणी म्हणालं की उघडून बघायचं नाही, तर तिथंच, त्याच्यासमोर उघडून बघा."

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "चला आता. आधी इडली खा. आणि त्या फोनला चार्जर लावा."