पावाच्या गाडीचा विक्रम

आमच्या धावणाऱ्यांच्या क्लबात त्रेसष्ट माणसं आहेत. मैदानावर येतात नऊ. उरलेली चोपन्न घरी बसून ग्रुपवर अंगठे दाखवतात. मी त्या नवांतला, आणि नवांत सगळ्यात हळू. पळून झाल्यावर पायरीवर बसून गप्पा मारायला मिळतात म्हणून जातो. खोटं कशाला बोलू?

मी पावाची गाडी चालवतो. बेकरीतून माल उचलायचा आणि एकोणीस दुकानांत टाकायचा. त्या मंगळवारी पळताना फोनवरचं अंतर मोजणारं, क्लबाला आकडे पाठवणारं ॲप चालू केलं आणि बंद करायला विसरलो. फोन खिशात, मी गाडीत. दुपारी बघतो तर ग्रुपवर माझा फोटो आणि खाली ठळक अक्षरात, 'एकतीस किलोमीटर, एक तास वीस मिनिटं!'

या वेगानं माणूस पळत नाही, पाव पळतात. पण हे कळायला अक्कल लागते, आणि ते टाकलं होतं अध्यक्षांनी. अध्यक्षांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे डोळे तपासतात, त्यांचे कोण तपासणार? खाली घोषणा होती, 'रविवारी चौघांच्या रिले शर्यतीत शेवटचा टप्पा पाववाले पळतील.'

तो टप्पा माझ्या भाचीचा होता. ती लाँड्रीत आठ तास उभी राहून इस्त्री करते आणि मग मैदानाला दहा फेऱ्या मारते. क्लबात तिच्या पासंगाला कुणी पुरत नाही. पण पळताना ती फोन जवळ ठेवत नाही, त्यामुळे ग्रुपच्या लेखी ती पळतच नाही.

संध्याकाळी ती घरी आली. चप्पलही काढली नाही.

"मामा, तुझ्या पावांनी माझी जागा खाल्ली."

"अगं, चुकून झालं."

"मग तसं लिही. सगळ्यांसमोर. तीन वर्षं वाट बघतेय मी या शर्यतीची."

"दारापासून गाडीपर्यंत जाताना धापा टाकतात," आतून बायको म्हणाली, "आणि म्हणे एकतीस!"

लिहिलं. 'मी पळालो नाही. गाडी पळाली.' चाळीस अंगठे आले. क्लबातल्या दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं, 'किती हा विनय! स्वतःच्या पायांना गाडी म्हणतात.'

मग गाडीचाच फोटो टाकला, मागचं दार उघडून, पावाच्या क्रेटसकट. अध्यक्ष म्हणाले, 'एवढे कष्ट करून वर एकतीस किलोमीटर. शिका काहीतरी!'

शेवटी अध्यक्षांना फोन लावला. "अहो, नकाशात बघा, एकोणीस ठिकाणी थांबलोय. ती दुकानं आहेत!"

"तेच तर तंत्र आहे, पाववाले. थांबून थांबून पळायचं. मी ग्रुपवर समजावून सांगितलंय सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर एका दुकानासमोर थांबून छाती भरून श्वास घेताना दिसले. दुकानदार विचारत होता, "काय देऊ, साहेब?" साहेब पुढच्या दुकानाकडे पळाले.

रविवार उजाडला. नंबराचं कापड माझ्या हातात. भाची कुंपणाला टेकून उभी, बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या. माझ्याकडे बघतही नव्हती. म्हटलं, आता बस्स.

"बघा," मी अध्यक्षांना म्हणालो आणि जीव खाऊन पळालो. पाण्याच्या टाकीपर्यंत पोचलो आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिथेच बसलो. अध्यक्ष फोनवर शूटिंग घेत मागे आले. "झकास वॉर्मअप!"

"वॉर्मअप नाही हो! एवढाच आहे मी! संपलो! तिघं जण जिवाच्या आकांतानं पळतील आणि चौथा इथे मातीत बसलेला असेल. तिला पळवा, नाहीतर तुम्ही पळा."

अध्यक्षांनी आपल्या पोटाकडे बघितलं, मग भाचीकडे. "पण ग्रुपवर नाव जाहीर झालंय..."

"ग्रुप पळणार आहे का?" भाचीनं विचारलं.

नंबराचं कापड माझ्या हातून तिच्या हाती गेलं. तरी अध्यक्षांनी अट घातलीच. तिनं पळावं, पण माझा फोन कमरेला बांधून, म्हणजे क्लबाच्या नोंदीत गोंधळ नको.

दांडी तिच्या हातात आली तेव्हा आम्ही पाचवे होतो. पहिल्या वळणावर तिनं एकाला मागे टाकलं, झाडांच्या रांगेपाशी दोघांना. उरलेल्या एकाला तर रेघेच्या तोंडाशी. मी असा ओरडलो की घसाच बसला.

गाडीपाशी आलो तोवर ग्रुपवर माझा फोटो झळकला होता. 'अभिनंदन, पाववाले! मात्र मंगळवारच्या मानानं आज हळू पळालात. विश्रांती घ्या.'

माझं डोकं सणकलं. शिव्याच लिहायला घेतल्या, तर भाचीनं फोन हिसकावून पावाच्या क्रेटमध्ये टाकला.

"राहू दे रे. गाडी काढ, मला दुपारची पाळी आहे." गळ्यातलं पदक तिनं नीट छातीवर आणलं. "आणि आज मी हे घालूनच इस्त्री करणार आहे."