आसुंताचं ताट

“यातला कुठला?” बासिलियानं तळहात पुढे केला. त्यावर सुपारीएवढे दोन मातीचे चेहरे होते, रंगवलेले, लाल गालांचे. कणकेच्या बाहुलीच्या डोक्यावर चेहरा दाबून बसवायचा, बाहुली भट्टीत सारायची, की पाव होऊन बाहेर येतो तो त्या वर्षी गेलेला माणूस. उमाकाला गावात हे असंच चालत आलेलं आहे.

सातुर्निनोनं त्यातला एक उचलला.

“भाऊ, मिश्या आहेत त्याला,” बासिलिया म्हणाली. “बायको गेली ना तुमची?”

भट्टीभोवती कणीक मळत बसलेल्या बायका खो खो हसल्या. सातुर्निनोही हसला. तो हसला नसता तर त्या आणखी हसल्या असत्या.

“आणि ताटात काय ठेवताय?” हा प्रश्न तेओदोराचा, आसुंताच्या धाकट्या बहिणीचा. कणकेतून मान वर न काढताच ती बोलली.

“सगळंच ठेवीन.”

“सगळं परक्याला ठेवतात, दाजी. आपल्या माणसाला त्याच्या आवडीचं ठेवतात.”

यावर कुणी हसलं नाही. गेलेला माणूस तीन वर्षं परत येतो. नोव्हेंबरच्या पहिल्या दुपारी येतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघतो. एवढ्या लांबून येतो तो भुकेनं कासावीस झालेला असतो, आणि समोर त्याच्या आवडीचा पदार्थ दिसला नाही तर हे आपलं घर नव्हे असं समजून दारातूनच मागे फिरतो. उपाशी माणसाला पुढची वाट चालवत नाही. तो मधेच कुठेतरी बसून राहतो, ना इकडचा ना तिकडचा. सातुर्निनोचा यावर पुरता विश्वास होता, कारण इतकी वर्षं गावाला हे सांगत आला होता तोच.

गावात मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणायचं काम त्याच्याकडे होतं. ज्या घरातलं माणूस गेलं असेल तिथे जायचं, ताटासमोर उभं राहायचं, गेलेल्याच्या आयुष्याबद्दल चार शब्द बोलायचे, मग ‘हे आमच्या पित्या’ आणि ‘नमो मारिया’, आणि शेवटी घरच्यांनी ओंजळीत घातलेले पाव घेऊन पुढचं घर. चार शब्दांत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कजाग बाईला तो घराकडे लक्ष असणारी म्हणे, आळशाला शांत म्हणे. यंदा मार्चमध्ये प्लासिदो दारू पिऊन नाल्यात पडला आणि सकाळी कडक झालेला सापडला, तर त्याच्याबद्दल बोलायला सातुर्निनोनं वाक्य तयार ठेवलं होतं: उघड्या आभाळाखाली झोपायची आवड असलेला माणूस. प्लासिदोच्या बायकोला ताटात काय ठेवायचं हेही त्यानंच सांगितलं होतं. सार्डिनचा डबा, उघडलेला, आणि आतलं तेल ओतून द्यायचं नाही. म्हातारी एदुविहेस गेली तेव्हा तिच्या सुना कॉफी ठेवायला निघाल्या होत्या, त्यांना तो म्हणाला होता, “संत्र्याची साल टाका त्यात, नाहीतर पुन्हा शिव्या घालेल.” अशा गोष्टी त्याला कुणी सांगाव्या लागत नसत. लोकांच्या घरी जेवताना त्याचं बारीक लक्ष असे.

आसुंता मात्र आठवेना. म्हणजे आठवायची, चुलीसमोर पाठमोरी. हातातला डाव आठवायचा. त्याचं स्वतःचं ताट आठवायचं, वाफाळलेलं, काठोकाठ भरलेलं. तिचं ताट आठवेना. तिला ताट होतं की नाही, इथपासूनच प्रश्न होता.

ती गेली जूनमध्ये, इकडच्या ऐन थंडीत. त्या दिवसांत बटाटे रात्री उघड्यावर गोठवायचे आणि सकाळी अनवाणी पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढायचं, मग ते वाळले की वर्षानुवर्षं टिकतात. आसुंता आठवडाभर खोकत होती, पण बटाटे गोठून तयार होते आणि ते काही थांबत नाहीत. तिनं सगळे तुडवले, घरात येऊन आडवी झाली आणि पुन्हा उठली नाही. बटाटे छान वाळले होते. अजून निम्मं पोतं शिल्लक होतं आणि सातुर्निनो त्यावरच दिवस काढत होता.

संध्याकाळी तेओदोरा घरी निघाली तेव्हा त्यानं तिला वाटेत गाठलं.

“तेओदोरा, सांग ना. तुला माहीत असेल.”

“अख्ख्या गावाला तुम्ही सांगता आणि तुम्हाला मी सांगू?”

“हात जोडतो.”

तिनं पाठीवरचं गाठोडं सारखं केलं आणि त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

“इस्पी,” ती म्हणाली. “तळ्यातले बारके मासे. कुरकुरीत तळलेले. जीव टाकायची त्यांच्यावर.”

“मासे?”

“का? तुम्हाला काय वाटलं होतं?”

“नाही, मासेच. बरोबर आहे,” सातुर्निनो म्हणाला. “मासेच आवडायचे तिला.”

तेओदोरानं मान हलवली आणि ती पुढे निघून गेली.

सणाच्या दिवशी कुणी कोळी तळ्यावर जात नाही. सातुर्निनोनं एकाची होडी मागून घेतली आणि पहाटे स्वतःच जाळं टाकलं. सत्तरीला टेकलेला माणूस, होडी लोटताना गुडघ्यापर्यंत बर्फासारख्या पाण्यात. जाळं दोनदा रिकामं आलं तेव्हा तो तळ्याला शिव्या देत रडला. मग मासे लागले, बोटाएवढे, चांदीसारखे. घरी आणून त्यानं ते पिठात घोळवले, तळले, बोटं पोळून घेतली, पहिला घाणा करपवला. आयुष्यात तो पहिल्यांदाच दुसऱ्या कुणासाठी रांधत होता आणि त्याला फार बरं वाटत होतं. जीव टाकायची, जीव टाकायची, असं तो पुटपुटत राहिला. दुपार होईतो त्याला आसुंता मासे खाताना दिसायलाही लागली. चुलीपाशी बसून, बोटं चाटत, त्याच्याकडे बघून हसत खाताना.

टेबलावर काळं कापड, त्यावर जिवाला खाली उतरायला पावाची शिडी, उसाचे दांडे, कोकाची पानं, मधोमध बाहुली (बासिलियानं बाईचा चेहरा बसवला होता), आणि बाहुलीपुढे माशांचं ताट. देवळाची घंटा झाली तशी त्यानं दार उघडलं आणि टोपी काढून बाजूला उभा राहिला. वारा आत आला. मेणबत्तीची ज्योत आडवी झाली आणि पुन्हा उभी राहिली. सातुर्निनोचे डोळे भरून आले.

लोक आले ते प्लासिदोच्या घरून, थोडी चढवूनच. स्वतःच्या घरच्या ताटापुढे स्वतः प्रार्थना म्हणायची नसते, म्हणून यंदा बासिलियाचा पुतण्या रुफिनो ते काम करणार होता. एरवी तो ट्रक चालवायचा, पण आवाज चांगला होता. तो पुढे झाला, घसा साफ केला, आणि तेवढ्यात मागून तेओदोरा आली.

ती ताटापाशी वाकली. मग सरळ झाली आणि हसायला लागली. ते हसणं ऐकून अंगणातली माणसंही आत आली.

“ठेवलेत की हो खरंच,” ती म्हणाली.

“तूच म्हणालीस.”

“मी म्हणाले. तुम्ही नाही म्हणाल का, ते बघायचं होतं मला.”

सातुर्निनोला काही कळेना. तेओदोरा त्याच्याशी बोलत नव्हतीच, ती सगळ्यांना सांगत होती.

“आमचा बाप तळ्यात बुडाला. सापडला तो माशांचं जेवण झाल्यावर. तोंड ओळखता येत नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही दोघी बहिणींनी मासा तोंडात घातला नाही. आणि हे दर शुक्रवारी मासे आणून टाकायचे हिच्यापुढे. ती तळून घालायची ह्यांना, तोंडाला फडकं बांधून. काय दाजी, फडकं तरी दिसलं होतं का कधी?”

“मला वाटलं,” सातुर्निनो म्हणाला, “धूर सोसत नाही तिला.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग एकेक करत बरेच जण हसले. त्यात दुष्टावा होता असं नाही, पिऊन आलेल्या माणसांना हसू आवरत नाही एवढंच. सातुर्निनो माशांच्या ताटाकडे बघत उभा राहिला.

“मग काय आवडायचं तिला?” त्यानं विचारलं. “तेओदोरा, ती दारात उभी असेल गं. आता तरी सांग.”

तेओदोराचं हसू थांबलं.

“मला काय माहीत?” ती म्हणाली. “पंधराव्या वर्षी तुमच्या घरी आली ती. आमच्याकडे सकाळी वाळले बटाटे, संध्याकाळी वाळले बटाटे. आवडायला होतं काय तिथे? तिला काही आवडलं असेल तर ते इथे आवडलं असेल. तुमच्या समोर.”

मेलेली बाई दारात ताटकळते आहे आणि तिची आवड जिवंतांपैकी एकालाही माहीत नाही, ही गोष्ट गावालाही जड गेली. आपापल्या ताटांचा विचार ज्याच्या त्याच्या मनात आला असणार.

“खरवड,” बासिलिया एकदम म्हणाली.

“काय?”

“खरवड आवडायची तिला. मी कधीही आले तरी चुलीपाशी उभी राहून भांड्याच्या बुडाचं खरवडून खात असायची. नेहमी. आवडत असल्याशिवाय कोण खाईल?”

“हो हो,” दुसरी म्हणाली, “मीही पाहिलंय की. करपलेलं खायची.”

“तिच्या आईलाही आवडायचं.”

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. हां हां म्हणता चुलीवरचं भांडं आलं. सातुर्निनोनं कालच बटाट्यांचं सूप करताना बूड लावलं होतं आणि घासायचा कंटाळा केला होता. मासे उचलले गेले. वाया कशाला घालवायचे म्हणून रुफिनोनं ते उभ्याउभ्या संपवले आणि हात पुसून भांड्यासमोर उभा राहिला.

“आसुंता,” तो खणखणीत आवाजात म्हणाला, “थोडक्यात समाधान मानणारी. दुसऱ्याला वाढून उरलेलं गोड मानून घेणारी. जिला आयुष्यात खरवडीशिवाय काही लागलं नाही अशी गुणी बाई. हे आमच्या पित्या…”

बोलण्याचं घराणं सातुर्निनोचंच होतं. शब्द कुठे थांबवायचा, कुठे आवाज खाली आणायचा, पोरानं हुबेहूब उचललं होतं. लोकांनी माना हलवल्या. दोघीतिघींनी डोळे पुसले. सातुर्निनो त्यांच्या ओंजळीत पाव घालत राहिला. आसुंताला खरवड आवडत नव्हती हे त्याला ठाऊक होतं. भांड्यात तेवढंच उरायचं, कारण तो दुसऱ्यांदा मागायचा आणि ती वाढायची. हे तो बोलू शकला असता. पण मग पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

लोक पुढच्या घरी गेले आणि भांड्यासमोर तो एकटा बसला असताना त्याला एक गोष्ट आठवली. जत्रा होती, लग्नाला फार दिवस झाले नव्हते. बैल विकत घेऊन ते दोघं गर्दीतून निघाले होते. तो पुढे, दोर हातात, आणि ती मागे. देवळाच्या भिंतीशी ती थांबली. “थांबा ना जरा,” ती म्हणाली होती. उभ्या आयुष्यात तिनं त्याच्याकडे एवढंच मागितलं असेल. तिथे कुणीतरी काहीतरी खायचं विकत होतं, कारण गोड वास येत होता. “चल, उशीर होतोय,” असं तो म्हणाला होता, आणि ती आली होती.

त्यानं डोळे गच्च मिटले. बैलाची शिंगं दिसली, हातातला दोर दिसला, बैलाच्या कानामागचा पांढरा डाग दिसला. भिंतीशी काय होतं ते दिसेना. ते दिसणारच नव्हतं. त्यानं मागे वळून पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घंटा झाली. आले ते जीव निघाले, आणि ताटं मोडायची वेळ झाली. ताटातलं सगळं वाटून टाकायचं असतं, घरात काही ठेवायचं नसतं. शिडी गेली, ऊस गेले, बाहुली तेओदोरानं शालीत घेतली. जाताना ती दारात थांबली.

“अजून दोन वर्षं येईल ती, दाजी,” ती म्हणाली. त्यात काल होतं ते जहर नव्हतं. “तोवर आठवा काहीतरी.”

तिच्यामागे आलेल्या बायकांनीही आपापलं घेतलं. करपलेलं भांडं मात्र कुणी घेईना. एकीनं आत डोकावून नाक मुरडलं आणि भांडं पुन्हा टेबलावर ठेवलं. सातुर्निनोनं ते उचललं, चुलीपाशी गेला, आणि उभ्यानंच चमच्यानं बूड खरवडायला लागला. कडवट, राखेच्या चवीचं होतं. दाताखाली कचकचत होतं. तो खात राहिला.

बासिलिया आपलं घमेलं न्यायला मागच्या दारानं आली. चुलीपाशी त्याला पाहून ती थबकली, आणि अंगणातल्या बायकांना हाक मारून म्हणाली, “अगं, या बघा इकडे. ह्यांनाही आवडते.”

बायका दारात येऊन बघायला लागल्या. सातुर्निनोनं मागे वळून पाहिलं नाही. भांड्याच्या कडेला थोडं राहिलं होतं, ते तो चमच्यानं सोडवत होता.