दोनदा ठोकलं की काढायचं

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुना रबरी चेहरा आहे. चेहरा म्हणायचं आपलं, कारण मला डोळे नाहीत, तोंड नाही, नाकाच्या जागी नुसती एक घडी आहे. एका चित्रपटसंस्थेच्या काचेच्या कपाटात मी असतो आणि मला बघून लहान मुलं आईच्या मागे लपतात. पूर्वी मला याचा भारी अभिमान वाटायचा. आता शरम वाटते. का वाटते, तेच आज तुम्हाला सांगून टाकतो.

मला एका रंगभूषाकाराने घडवलं, तेही घरच्या ओट्यावर. बायकोच्या भांड्यांत तो रबर ढवळायचा आणि ती ओरडायची, "अहो, भांडी माझी आणि भुतं तुमची!" माझा साचा त्याने आपल्या मित्राच्या चेहऱ्यावरून घेतला होता. मित्र नट होता, ताडमाड उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. लंबूची ही पहिलीच मोठी भूमिका होती.

सिनेमात तो डॉक्टर असतो. जखमा झटपट भरून याव्यात म्हणून तो औषध शोधतो आणि आधी स्वतःलाच टोचून घेतो. जखम भरते, पण कातडी वाढायची थांबतच नाही. आधी बोटं एकमेकांना जुळतात, मग नाकाची नुसती घडी उरते, शेवटी डोळे आणि तोंडही. मी म्हणजे त्याची ती शेवटची अवस्था. सिनेमा अप्रतिम आहे हो, उगाच खोटं कशाला बोलू! रक्ताचा थेंब नाही, किंकाळी नाही. बायको भरवायला चमचा घेऊन बसते आणि तिला नवऱ्याचं तोंडच सापडत नाही. एवढंच दिसतं आणि बघणारा नकळत स्वतःचे ओठ चाचपतो.

मला गोंदाने चिकटवत. एकदा मी बसलो की लंबूला दिसायचं नाही, बोलता यायचं नाही. श्वासाला घडीखाली दोन बारीक भोकं होती, बस्स. म्हणून दोघा मित्रांनी एक नियम केला होता. लंबूने दोनदा ठोकलं की रंगभूषाकाराने ताबडतोब मला काढायचं.

शेवटच्या प्रसंगाच्या दिवशी दिग्दर्शकाच्या डोक्यात ऐनवेळी नवीन कल्पना आली. "तोंडच नाही तर हा उत्तर कसा देणार? ठोकू दे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. लंबूनेही डोलावली. आधीचा नियम कुणाच्या लक्षातच आला नाही.

प्रसंगाप्रमाणे लंबूचे हात खुर्चीला पट्ट्यांनी बांधले होते, ठोकण्यापुरते फक्त पंजे मोकळे होते. बायको झालेली नटी जवळ आली आणि म्हणाली, "अहो, मला ओळखलंत का?" त्याने एकदा ठोकायचं ठरलं होतं. त्याने दोनदा ठोकलं.

नटी गडबडली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "अहो, मी आहे. नाही ओळखलंत?" पुन्हा दोनदा. दिग्दर्शक हळूच "वा!" म्हणाला आणि त्याने कॅमेरा आणखी पुढे घ्यायची खूण केली.

मला सगळं कळत होतं, मित्रांनो. दिव्यांच्या उष्णतेने गोंद वितळून लंबूच्या डाव्या डोळ्यात उतरत होता. त्याची पापणी माझ्या आतल्या बाजूवर फडफडत होती. आणि मी काय करत होतो? मी खूश होतो! कॅमेरा माझ्या इतक्या जवळ आजवर कधी आला नव्हता. माझी एखादी कड सुटली असती तरी कुणीतरी 'कट' म्हटलं असतं. पण मी घट्ट बसून राहिलो.

लंबूचा डावा डोळा गेला. पुढे त्याला भूमिका मिळाल्या नाहीत. पडद्यामागून दुसऱ्यांना आवाज देत त्याने आयुष्य काढलं. सिनेमा मात्र गाजला. बायकोने आपल्यात अडकून पडू नये म्हणून नवरा मुद्दाम 'नाही' म्हणतो, असा त्या दोन ठोक्यांचा अर्थ लोक लावू लागले. माझे फोटो छापून आले.

चाळीस वर्षांनी संस्थेच्या सभागृहात तो सिनेमा पुन्हा दाखवला. दोघे म्हातारे मित्र पहिल्या रांगेत बसले होते. तिथे शिकवणाऱ्या एका बाईंनी लंबूला विचारलं, "तो 'नाही' तुम्हाला सुचला कसा?"

लंबू हसला. "सुचला आपला. वाटलं, बिचारीला मोकळं करावं."

"खोटं बोलतोय हा!" रंगभूषाकार उभा राहिला. "मुखवटा काढ म्हणून सांगत होता मला. मी तिथेच उभा होतो."

"बस रे खाली," लंबू म्हणाला. "तुझा काय दोष? तुला कळलंच नाही."

"कळलं होतं."

रंगभूषाकार लंबूकडे वळला.

"दुसऱ्यांदा ठोकलंस ना, तेव्हाच कळलं होतं रे. पण तो मुखवटा इतका सुरेख दिसत होता... म्हटलं, अजून थोडा वेळ."

लंबूने आपल्या उजव्या डोळ्याने मित्राकडे पाहिलं. मग काठी उचलली आणि एकटाच दाराकडे निघाला. वाटेत दाराजवळच्या माझ्या कपाटाला त्याचा धक्का लागला. पहारेकरी लगेच धावत आला, "अहो आजोबा, जपून! फार मोलाची वस्तू आहे ती."

मित्रांनो, दर आठवड्याला मला मऊ फडक्याने पुसतात. ऊन लागू देत नाहीत, कुणाला हात लावू देत नाहीत. माझी एवढी काळजी घेऊ नका. मी रबर आहे, मला काही दुखत नाही. माझ्या आत माणूस होता, त्याची घ्यायला हवी होती.